स्पीकरची मांडणी (घरगुती स्टिरिओ)

खोलीत स्टिरिओ स्पीकरची जोडी आणि श्रोत्याची बैठक कुठे असावी, हे भिंती, जमीन व छत यांच्यापासूनच्या अंतरांवरून ठरविण्याचे तंत्र. मध्यम आकाराच्या खोलीत सुमारे २०० हर्ट्झच्या खाली कानावर जे पडते ते स्पीकर जितके ठरवतो तितकेच, पुष्कळदा त्याहून अधिक, खोली ठरवते. म्हणून अँप्लिफायर किंवा वायर बदलण्याआधी स्पीकर हलवून पाहावा. इतका परिणामकारक आणि बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही. घरोघरी मात्र स्पीकरची जागा टीव्ही युनिट, दार आणि प्लगपॉइंट ठरवतात, आणि चांगल्या यंत्राचा निम्मा गुण तिथेच वाया जातो.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलाइन याने ईएमआय कंपनीत असताना डिसेंबर १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन वाहिन्यांवरून वॉशिंग्टनमधील सभागृहात ऐकवला. स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या. घरात दोन स्पीकर ठेवायचे तर कुठे, हा प्रश्न सामान्य ग्राहकाला तेव्हापासून पडू लागला.

मूळ त्रिकोण : दोन स्पीकर आणि श्रोत्याचे डोके हे समभुज त्रिकोणाचे तीन कोन मानतात, म्हणजे प्रत्येक स्पीकर श्रोत्याच्या समोरील रेषेपासून ३० अंशांवर येतो. दोन्ही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर असणे त्रिकोणाच्या आकाराहून महत्त्वाचे. दोन अंतरांत सुमारे ३४ सेंमीचा फरक पडला की एका बाजूचा आवाज १ मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि गायक जवळजवळ पूर्णपणे त्या स्पीकरात जाऊन बसतो. यासाठी डोळ्यांच्या अंदाजावर न राहता टेप लावून मोजावे. ट्वीटर (वरचे स्वर वाजविणारा घटक) बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर, साधारण ९० ते १०५ सेंमीवर, असावा.

जुळणी तपासण्यासाठी जुनी मोनो मुद्रणे उत्तम. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी दोन्ही स्पीकरवर एकदम लावली तर आवाज दोहोंच्या बरोबर मध्ये, एका अरुंद जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट वाटला किंवा स्वर चढताना एका बाजूला सरकला, तर अंतरे, स्पीकरचा श्रोत्याकडे वळवलेला कोन किंवा बाजूच्या भिंती यांपैकी कशात तरी असमानता आहे. स्पीकर आत किती वळवावा याबद्दल एकमत नाही. काही उत्पादक तो थेट कानाकडे रोखायला सांगतात, काही सरळ ठेवायला.

खोलीची गुंजने : समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर हे एखाद्या स्वराच्या तरंगलांबीच्या निम्मे असले की तो स्वर खोलीत साठून राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर १२ फूट (३.६६ मी.) लांबीत पहिले गुंजन ४७ हर्ट्झला, १० फूट (३.०५ मी.) रुंदीत ५६ हर्ट्झला आणि साडेनऊ फूट (२.९ मी.) उंचीत ५९ हर्ट्झला येते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधील १० बाय १२ च्या खोलीची मुख्य अडचण हीच आहे. रुंदी आणि स्लॅबची उंची जवळपास सारखी असल्याने दोन गुंजने एकाच जागी येऊन पडतात आणि डग्ग्याचा घुमारा किंवा बेस गिटारचे खालचे स्वर लांबत जातात. गुंजनाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो, तर पहिल्या गुंजनाचा खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. त्यामुळे पाठच्या भिंतीला टेकवलेल्या दिवाणावर खर्ज फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्ये बसल्यास तो नाहीसा होतो. बैठक खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर असावी असा एक संकेत आहे. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण त्याला नियम समजू नये.

उत्तर अमेरिकेतील घरांत लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती खर्जाच्या दाबाने किंचित हलतात आणि त्याचा काही अंश शोषून घेतात. आपल्याकडील विटांच्या व काँक्रीटच्या भिंती तसे फारसे करत नाहीत. परदेशी पुस्तिकांतील सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही याचे हे एक कारण. पडदा किंवा भिंतीवरचा पातळ फोम वरच्या स्वरांवर काम करतो. ५० हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा भागच १.७ मीटर असल्याने खर्जापुढे त्यांचा उपयोग होत नाही.

स्पीकरच्या पाठची भिंत : सर्व अंतरांत हे अंतर निर्णायक आहे. वरचे स्वर स्पीकरच्या पेटीच्या पुढे जातात, खालचे पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतात. २० सेंमी रुंद पेटीत हा बदल ५०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास होतो. मागे गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परत येतो. जाऊन येण्याचे अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके झाले की तो पुढच्या आवाजाशी उलटा मिळतो आणि त्या जागी खड्डा पडतो. वूफर (खालचे स्वर वाजविणारा घटक) भिंतीपासून ३० सेंमीवर असेल तर खड्डा सुमारे २८७ हर्ट्झला, ६० सेंमीवर १४३ ला, १ मीटरवर ८६ ला आणि दीड मीटरवर ५७ हर्ट्झला येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे ६० सेंमी हे दिसायला सोयीचे अंतर नेमका त्याच्या षड्जाचा पाया पोकळ करते. हा दोष स्पीकरचा समजून स्पीकर विकले जातात, म्हणून हे आकडे प्रत्येक श्रोत्याजवळ असायला हवेत.

अमेरिकन अभियंता रॉय ॲलिसन याने १९७४ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले, की वूफर जमीन, पाठची भिंत आणि बाजूची भिंत यांपासून सारख्या अंतरावर असला तर तिन्हींचे खड्डे एकत्र येऊन फार खोल होतात. त्यावरून निघालेला नियम साधा आहे : तीन अंतरांतील कोणतीही दोन सारखी ठेवू नयेत. वूफरची उंची ६० सेंमी असेल तर बाजूची भिंत ६० सेंमीवर नको. ॲलिसनने स्वतः वूफर भिंतीच्या अगदी निकट बसवून खड्डा वूफरच्या कार्यकक्षेच्या वर ढकलणारे स्पीकर बनविले.

अंतराची सूत्रे अनेक आहेत. अमेरिकेतील जॉर्ज कार्डास यांच्या सूत्रानुसार वूफर बाजूच्या भिंतीपासून रुंदीच्या ०.२७६ पट आणि पाठच्या भिंतीपासून रुंदीच्या ०.४४७ पट दूर असावा. १० बाय १२ च्या खोलीत हे अनुक्रमे ८४ सेंमी आणि १.३६ मीटर भरते. दोन स्पीकरमध्ये १.३७ मीटर उरतात आणि समभुज त्रिकोण पुरा केल्यावर श्रोता आपल्या पाठच्या भिंतीपासून १.१ मीटरवर येतो. ऐकायला ही मांडणी चांगली असली, तरी खोलीत दुसरे काही ठेवता येत नाही. ज्यांची खोली हॉल, जेवणघर आणि झोपण्याची जागा अशी तिन्ही असते, त्यांनी ऐकताना स्पीकर पुढे ओढावेत, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि नंतर परत मागे सारावेत.

कोपरा : कोपऱ्यात तीन पृष्ठे मिळतात, खर्ज वाढतो आणि खोलीची सर्व गुंजने जागी होतात. बहुतेक स्पीकरसाठी ही जागा वाईट. अपवाद त्यासाठीच घडवलेल्यांचा. पॉल क्लिप्श याने १९४६ पासून अमेरिकेतील होप (आर्कान्सा) येथे बनविलेल्या क्लिप्शहॉर्नमध्ये खोलीच्या भिंती हाच कर्ण्याच्या तोंडाचा पुढचा भाग असतो. तो कोपऱ्याबाहेर ठेवला तर खर्ज अपुरा पडतो. याच्या उलट पीटर वॉकरचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक (१९५७) पुढे व मागे सारखाच आवाज टाकतो, म्हणून त्याला पाठीमागे भरपूर मोकळी जागा लागते. बोसचा ९०१ (१९६८) भिंतीवरून परावर्तित आवाजावरच आधारलेला : त्याच्या नऊ ध्वनिघटकांपैकी आठ मागे तोंड करून आहेत. मांडणीपूर्वी उत्पादकाने कोणती जागा गृहीत धरली आहे हे पाहण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

बाजूच्या भिंती : हेल्मुट हास याने ग्यॉटिंगेन येथील १९४९ च्या प्रबंधात दाखविले, की काही मिलिसेकंदांपासून सुमारे ३० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा येणारा आवाज कान वेगळा ऐकत नाही, पहिल्यातच मिसळतो. घरातील बाजूची परावर्तने बहुतेक याच अवधीतली. ती शोषावीत की राहू द्यावीत, हा वाद मिटलेला नाही. स्टुडिओतील अभियंत्यांचा कल शोषणाकडे. कॅनडातील फ्लॉइड टूल यांच्या मते, स्पीकरचा बाजूकडे जाणारा आवाज समोरच्यासारखाच निर्मळ असेल तर ती परावर्तने विस्ताराची सुखद जाणीव देतात. परावर्तनाची जागा शोधायची तर एकाने भिंतीलगत आरसा सरकवावा. बैठकीवरून त्यात जिथे स्पीकर दिसेल ती जागा. तिथे पुस्तकांचे कपाट ठेवल्यास दोन्ही पक्षांची बरीच सोय होते.

सबवूफर : हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडल्याप्रमाणे एकाऐवजी दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास अनेक आसनांवर खर्ज सारखा पोहोचतो.

इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती : गुंजनाचा फुगवटा उतरवता येतो. परावर्तनाने पडलेला खड्डा भरता येत नाही, कारण आवाज वाढवला की परत येणाराही तितकाच वाढतो.

स्पीकरच्या स्टँडखाली टोकदार खिळे की रबर : मतभेद आहेत.

बहुवाहिनी मांडणी : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.७७५ या शिफारशीत पुढचे स्पीकर ३० अंशांवर, बाजू-मागचे १०० ते १२० अंशांवर.