वळणाच्या वाटा : लेक फॉरेस्टचा नकाशा

नगराचा नकाशा हीदेखील एक संहिताच असते. रचनाकाराने कोणता माणूस गृहीत धरला आहे, हे तिच्यातून वाचता येते. १८३० साली जेम्स थॉम्प्सनने आखलेले शिकागो काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचे होते. कालव्यासाठी पैसा उभारायचा, तर जमिनीचे चौकोनी तुकडे विकणे सोयीचे होते.

याच शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या उंच काठावर, १८५७ मध्ये लेक फॉरेस्टची आखणी झाली. शिकागोतील प्रेस्बिटेरियन मंडळींना तेथे विद्यापीठ व त्याभोवती वसाहत हवी होती. आखणी करणारा आल्मेरिन हॉचकिस हा सेंट लुईसच्या बेलफाउंटन दफनभूमीचा रचनाकार. सरोवराकडे उतरणाऱ्या खोल घळींवर त्याने चौकट लादली नाही. रस्तेच त्यांच्या कलाने वळवले. उद्यानासारख्या दफनभूमीत रुळलेली वळणदार वाट अशी जिवंतांच्या दारी आली. ऑल्मस्टेड व व्हॉ यांचे सुप्रसिद्ध रिव्हरसाइड १८६९चे, म्हणजे याहून बारा वर्षांनी धाकटे.

मात्र या वळणांत केवळ निसर्गप्रेम पाहणे भाबडेपणाचे ठरेल. सरळ रस्त्यावरून परका माणूस सहज आरपार जातो. वळणावळणांत तो वाट चुकतो आणि रहिवाशाला एकांत मिळतो. पुढे लेक फॉरेस्ट धनिकांचे गाव झाले. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’मध्ये (१९२५) टॉम ब्यूकॅनन पोलोचे घोडे आणतो ते इथूनच, त्याची श्रीमंती सांगायला लेखकाला गावाचे नाव पुरते. जमिनीचा मान राखणारी रेषा माणसामाणसांतील अंतरही राखू शकते, हे ध्यानी घेऊनच असा नकाशा वाचायला हवा.