दहा शिलिंगांचा हिशेब



२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईत सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला एका गोलने हरवलं. आमच्या गटातल्या दोघी-तिघींच्या घरी मुली टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हत्या. पुढच्या मासिक बैठकीत विषय निघाला, की बायका हा खेळ कधीपासून खेळायला लागल्या असतील? आम्हाला वाटलं, वीस-पंचवीस वर्षं. शोधायला गेलो तर शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो. तिथे जी गोष्ट सापडली, ती चेंडूइतकीच पैशाच्या वहीचीही निघाली. म्हणून आज ती तुम्हाला सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर भागात प्रेस्टन नावाचं शहर आहे. कापडगिरण्यांचा मुलूख. तिथे डिक, कर आणि कंपनी नावाचा कारखाना ट्राम बनवायचा. पहिलं महायुद्ध लागलं, पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात तोफगोळे बनू लागले आणि ते बनवायला बायका आल्या. काम जड आणि धोक्याचं. जेवणाच्या सुट्टीत या बायका आवारात चेंडू खेळायच्या. ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईने पुढाकार घेतला, कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड व्यवस्थापक झाले, आणि संघ उभा राहिला. नाव कारखान्याचंच, डिक कर लेडीज.

पहिला मोठा सामना झाला २५ डिसेंबर १९१७ ला, ऐन नाताळात. दहा हजार माणसं तिकीट काढून आली. सहाशे पौंडांहून जास्त रक्कम जमली आणि ती जखमी सैनिकांच्या इस्पितळाला दिली गेली. मग ठिकठिकाणाहून बोलावणी येऊ लागली. १९२० मध्ये फ्रान्सच्या मुली इंग्लंडला येऊन त्यांच्याशी चार सामने खेळल्या.

आणि डिसेंबर १९२०. लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क हे मैदान. समोर सेंट हेलेन्सच्या मुलींचा संघ. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक, आणि जागा नाही म्हणून बाहेरूनच परत गेलेले कित्येक हजार वेगळेच. आपल्या तालुक्याच्या यात्रेची गर्दी डोळ्यांसमोर आणा आणि ती एका मैदानात बसवा. त्या एका दिवसात तीन हजार पौंडांवर रक्कम जमली.

आता इथे आम्ही थोडं थांबणार आहोत, कारण पैसा आला की आमचं लक्ष आपोआप वहीकडे जातं.

या मुली कारखान्यातल्या. शनिवारी परगावी सामना म्हणजे कामाचा खाडा, खाड्याची मजुरी गेली, वर प्रवास. म्हणून प्रत्येकीला सामन्यामागे जास्तीत जास्त दहा शिलिंग मिळत. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे अर्धा पौंड. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या व्यावसायिक पुरुष खेळाडूला आठवड्याला नऊ पौंडांपर्यंत पगार घ्यायला परवानगी होती. पुरुषांनी खेळाचे पैसे घेणं १८८५ पासूनच नियमात बसलेलं होतं.

१९२१ साली हा संघ सदुसष्ट सामने खेळला, नोकरी सांभाळून. त्याच वर्षी कोळसा खाणींच्या मालकांनी खाणींना टाळं लावलं, कामगारांच्या घरात चूल पेटेना. तेव्हा बायकांच्या संघांनी त्या घरांसाठीही सामने खेळून पैसे उभे केले. जखमी सैनिकांसाठी मदत गोळा करणाऱ्या बायकांचं सगळ्यांना कौतुक होतं. मालकांशी भांडणाऱ्या मजुरांसाठी गोळा करू लागल्या तेव्हा हेच वरच्या लोकांना खुपलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. आम्हालाही ते पटतं.

५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉलच्या शिखर संघटनेने, म्हणजे फुटबॉल असोसिएशनने, ठराव केला. ठराव म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. दुसरी, जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला कमी उरतो. म्हणून संघटनेच्या कोणत्याही क्लबाने आपलं मैदान बायकांच्या सामन्याला देऊ नये.

पहिल्या कारणाला डॉक्टरांचीही साथ मिळाली, आणि त्यात एक नामवंत स्त्री-डॉक्टर होत्या. बाईच्या शरीराला हा खेळ झेपणार नाही, असं त्यांचं मत. तोफगोळे बनवताना कसं झेपत होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. युद्ध संपलं होतं, पुरुष परत आले होते, आणि बायकांनी यंत्र सोडून घरी जावं अशी हवा होती.

पण आम्हाला जास्त लागलं ते दुसरं कारण. संघाची कर्णधार होती अ‍ॅलिस केल. तिचं उत्तर आम्ही बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली त्याचा अर्थ असा, की आम्ही कामकरी मुली आहोत, देशभर हिंडून सामने खेळायचे आणि वर आपलीच मजुरी बुडवायची हे आम्हाला परवडत नाही. बुडालेल्या वेळेची भरपाई घेतली तर त्यात चूक काय?

हे ऐकल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, "अगं, हे तर आपल्या पापडांचंच झालं." झालं असं होतं, की जिल्ह्याच्या प्रदर्शनात गटाने तीन दिवस पापड-चटण्यांचा स्टॉल लावला. परत आल्यावर चौघींची एसटी, चहा आणि बुडालेली रोजंदारी खर्चात लिहिली. वही बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, "ताई, सेवा म्हणून गेलात ना, मग मजुरी कशाला लावलीत?" साहेबांचा भत्ता कुठल्या रकान्यात लिहितात, हे विचारायचं आमच्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही, ते अजून राहिलंय मनात.

प्रेस्टनच्या संघाचा हिशेब चोख होता की नव्हता, यावर आम्ही साक्ष देणार नाही. जिथे हजारो पौंड फिरतात तिथे वही तपासलीच पाहिजे, बाई असो की बाप्या. पण वहीत चूक वाटली तर वही मागवतात, पावत्या मागवतात, ऑडिट लावतात. मैदानाला कुलूप लावत नाहीत.

कुलूप मात्र लागलं. मोठी मैदानं सगळी क्लबांची, त्यामुळे त्रेपन्न हजारांची गर्दी, तिचं तिकीट, त्यातून उभी राहणारी मदत, सगळं एका ठरावात गेलं. मुली खेळायच्या थांबल्या नाहीत. रग्बीच्या मैदानांवर, सार्वजनिक बागांत, माळावर खेळल्या. १९२२ मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या. कॅनडातही खेळायचं होतं, तिथल्या संघटनेने दार बंद केलं. अमेरिकेत त्या पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळल्या. तीन जिंकल्या, तीन हरल्या, तीन बरोबरीत सुटले.

त्यांच्यात लिली पार नावाची मुलगी होती, चौदाव्या वर्षी संघात आलेली, डाव्या पायाच्या फटक्यासाठी प्रसिद्ध. पुढे ती मनोरुग्णालयात परिचारिका झाली आणि नोकरी करत १९५१ पर्यंत खेळली. १९७८ मध्ये ती गेली. इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाच्या मानाच्या यादीत पहिली बाई म्हणून तिचं नाव लागलं २००२ मध्ये.

हे एकट्या इंग्लंडचं नाही. ब्राझील म्हणजे फुटबॉलची पंढरी, पण तिथे १९४१ मध्ये सरकारी हुकूमच निघाला, की स्त्रीच्या स्वभावाला न शोभणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. तो १९७९ पर्यंत टिकला. जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये बंदी घातली, ती १९७० मध्ये उठवली. बायकांचा पहिला अधिकृत विश्वचषक भरला १९९१ मध्ये, चीनमध्ये. पुरुषांचा १९३० मध्ये भरला होता. आज बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षक कमी, म्हणून पैसा कमी, असं कुणी सांगितलं की आम्हाला ती मधली साठ वर्षं दिसतात.

इंग्लंडमधली बंदी १९७१ मध्ये उठली. डिक करचा संघ त्याआधी सहा वर्षं, १९६५ मध्येच, बंद पडला होता. संघटनेने माफी मागितली ती २००८ मध्ये. आणि गुडिसन पार्क? २०२५ मध्ये एव्हर्टन क्लबचा पुरुषांचा संघ नव्या मैदानावर राहायला गेला, आणि ते जुनं मैदान आता त्याच क्लबच्या महिला संघाच्या घरचं मैदान झालं आहे.