चुकीच्या फोल्डरमधला जिवाणू

सोसायटीच्या जिन्यात एक डोळा मिटून बसलेलं, पाणी गळणारं मांजराचं पिल्लू तुम्हीही पाहिलं असेल. "डोळे आलेत, होईल बरं," म्हणत आपण पुढे जातो. पण त्या डोळ्यात जे जंतू असू शकतात, त्यातल्या एकाची, क्लॅमिडिया फेलिसची, गोष्ट आज ऐकाच.

१९०७ साली जावा बेटावर हालबरश्टेटर आणि प्रोवाझेक हे दोघं माणसांच्या खुपऱ्यांवर, म्हणजे ट्रॅकोमावर काम करत होते. पेशींच्या आत त्यांना बारीक कण दिसले, झगा पांघरल्यासारखे. ग्रीकमध्ये झग्याला 'क्लॅमिस' म्हणतात, नाव तिथनं आलं.

१९४२ मध्ये अमेरिकेत जेम्स बेकर यांनी याच कुळातला जंतू आजारी मांजरांमधून वेगळा केला. पण त्याला व्हायरस म्हटलं! का? तर बशीतल्या साध्या खाद्यावर तो वाढेना, जिवंत पेशीच लागायची. व्हायरसची हीच तर ओळख मानत. आजाराचं नावही पडलं 'न्यूमोनायटिस', म्हणजे फुप्फुसाचा. खरा मुक्काम मात्र डोळ्याच्या नाजूक आवरणात.

गंमत बघा, अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, पण टेट्रासायक्लीन या कुळावर चालायचं. मग कळलं, की यांच्यात डीएनए-आरएनए दोन्ही आहेत, जिवाणूसारखी भिंत आहे, आणि एकाचे दोन होत ते वाढतात. १९६६ मध्ये शिकागोच्या जेम्स मोल्डर यांनी हे पुरावे एकत्र मांडले: हे जिवाणूच!

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे फार पटतं. टॅग चुकला की पुढचं सगळं चुकतं. मांजराच्या लाल डोळ्याचंही तसंच. हर्पिस व्हायरस असेल तर अँटिबायोटिक त्याला मारत नाही. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन वाया. क्लॅमिडिया असेल तर नुसते थेंब पुरत नाहीत. साधारण चार आठवडे पोटातून डॉक्सिसायक्लिन, तेही घरातल्या सगळ्या मांजरांना. आणि मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब बुबुळावर जखम असताना घातले, तर डोळाच जाऊ शकतो.

म्हणून आधी डॉक्टरकडे तपासणी, मग औषध. शास्त्रज्ञांना योग्य फोल्डर सापडायला चोवीस वर्षं लागली. पिल्लाच्या डोळ्याकडे तेवढा वेळ नसतो.