गोपाळकाला : रंगमंचावरचे जेवण, जपानात आणि पंढरीत

१/ जपानच्या राकुगो या कथनकलेत एकच कलावंत उशीवर बसून सगळी पात्रे उभी करतो. 'तोकी सोबा' या प्रसिद्ध कथेत तो नूडल्स खातो, पण समोर वाडगाही नसतो. मिटलेला पंखा हीच चॉपस्टिक, आणि सुर्र असा आवाज हेच जेवण. गिऱ्हाईक सोळा नाणी मोजता मोजता मध्येच वेळ विचारते आणि एक नाणे लांबवते, एवढीच गोष्ट. परंतु इदो शहरातील रात्रीचा फेरीवाला, त्याचा दर, त्याची भांडी, सारे त्या एका पंख्यातून दिसते.

२/ सोलापूर जिल्ह्यातही अन्नाचा असा प्रयोग होतो. फरक इतकाच, की येथे अन्न खरे असते.

३/ सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. निरूपणाला अभंग कृष्णाच्या बाळक्रीडेचाच लागतो. कीर्तनकार एकटाच कधी कृष्ण होतो, कधी बोबडा पेंद्या. प्रत्येक गोपाळ आपापली शिदोरी सोडतो. कोणाची ताजी, कोणाची शिळी. कृष्ण ती सारी एकत्र कालवतो. उष्टे मिळावे म्हणून देव यमुनेत मासे होऊन येतात, तर कृष्ण गोपाळांना हात घोंगडीलाच पुसायला सांगतो! या प्रसंगाला हशा ठरलेलाच. मग दहीहंडी फुटते आणि दही-लाह्यांचा काला हातोहात वाटला जातो.

४/ आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात हाच काला होतो, आणि तो घेऊन पालख्या परतीला लागतात. काल्यातील लाह्या ज्वारीच्या, हेही या मुलखाला साजेसेच. मंगळवेढा तर ज्वारीचे कोठार म्हणूनच ओळखले जाते. कृष्णकथा घरोघरी नेणाऱ्या 'हरिविजय'चे (१७०२) कर्ते श्रीधरही याच जिल्ह्यातील नाझऱ्याचे.

५/ ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे हे जातीने ठरत होते, तेथे सर्वांच्या शिदोऱ्या एका पात्रात कालवणे ही साधी करमणूक नव्हे. महिपतींच्या 'भक्तविजया'तील (१७६२) चोखोबांची आख्यायिका या संदर्भात वाचावी. विठ्ठल चोखोबांच्या पंगतीला बसतो, वाढताना दही त्याच्या पीतांबरावर सांडते. चोखोबांचे बोलणे ऐकून एक पुजारी त्यांना थप्पड मारतो. देवळात जाऊन पाहतो, तो देवाचा पीतांबर दह्याने भिजलेला आणि गाल सुजलेला.

६/ कथेत देव चोखोबांकडे जेवला. चोखोबांना मात्र देवळात जाता आले नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून समाधी बांधली ती महाद्वारासमोर, बाहेरच.

७/ काला दरवर्षी होत राहिला आणि दारही बंद राहिले. या विसंगतीवर बोट ठेवले ते साने गुरुजींनी. मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. काल्याच्या गावात एका माणसाने अन्न सोडले, आणि त्याच महिन्यात मंदिर खुले झाले. चोखोबांच्या समाधीपाशी सहा शतके अडलेल्या पावलांना नामदेव पायरी ओलांडता आली.