बिगार, दर आणि नेमणूक

धान्याचे भाव आणि मजुरीचे दर जमाबंदीच्या अहवालांत व जिल्ह्याच्या गॅझेटियरांत टिपून ठेवण्याची इंग्रजी अंमलदारांची शिस्त वाखाणण्याजोगी होती, यात शंका नाही. परंतु केवळ त्या कोष्टकांच्या आधारे चांदा जिल्ह्याच्या अरण्यपट्टीतील महागाईचा इतिहास लिहू जाणाऱ्याची फसगत व्हावयाची. ज्याचा सारा संसार बाजारावर चालतो त्याला भाववाढीचा जो चटका बसतो, तो बाजारातून मीठ, कापड आणि लोखंड एवढेच आणणाऱ्याला बसत नाही. या जुन्या जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या, पिढ्यांची गाऱ्हाणी एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे मूळ या फरकात आहे.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. पुढच्या बंदोबस्तात खालशातील, म्हणजे जमीनदारीबाहेरच्या, गावांवर सारा भरणारे मालगुजार कायम झाले, पूर्वेकडील दाट रानात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या राहिल्या, आणि १८७८ च्या वनकायद्याच्या आधारे सरकारी रानाचा मोठा हिस्सा राखीव ठरला. गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या नोंदपत्रात नमूद होत. जळण, चराई आणि घरापुरते लाकूड-बांबू यांचा निस्तार, म्हणजे वापराचा हक्क, रयतेला असे. शेतावरची मजुरी बहुधा धान्यातच मिळे, त्यामुळे बाजारभाव कितीही चढला तरी मजुराच्या पदरी पडणारे माप घटत नसे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मेली, त्या काळात रानालगतच्या घरांना आधार मोहफुलांचा आणि कंदमुळांचा होता. त्या पिढीला जाचत असे ती बिगार. साहेबाचा दौरा निघाला की त्याचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी वाहावे, मुक्कामी लाकूड-पाणी पुरवावे, आणि मोबदला मिळाला तर मिळाला. शिवाय निस्ताराचे लाकूड आणताना जंगलाचा शिपाई आडवा आला तर त्याची मर्जी राखण्यासाठी घरचा कोंबडा द्यावा. आपल्या श्रमावर परक्याने मालकी सांगावी, हे त्या लोकांचे दुःख होते.

पुढच्या पिढीच्या हाती रोकड आली. १९४५ साली बल्लारपूरला कारखाना उभा राहिला, तो पुढे कागदासाठी देशभर नावाजला, आणि त्याच्या पोटी रानातला बांबू जाऊ लागला. १९५१ साली जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या संपुष्टात येऊन त्यांची राने सरकारजमा झाली. १९६९ च्या राज्याच्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार शासनाने आपल्या नियंत्रणाखाली घेतला. निस्ताराचा मामला पूर्वी गावातल्या ओळखीच्या मालकाशी असे, तो आता खात्याच्या दप्तरात जाऊन बसला, आणि ज्या बांबूची गावकऱ्याने ताटी विणावयाची तोच बांबू तो कारखान्यासाठी मजुरीने तोडू लागला.

या रोकडीचे स्वरूप तेंदूच्या हंगामात स्पष्ट दिसे. एप्रिल-मे महिन्यांत उजाडण्याआधीच लहानथोर सारे रानात शिरत. उन्हे चढेपर्यंत पाने खुडून गाठोडी घरी आणावयाची, दुपारभर पडवीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, आणि सायंकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजीपुढे ओळीने मांडावयाचे. हिशेब शेकड्याचा असे. पान डागी आहे, पुडा हलका आहे, असे म्हणून दिवाणजीने चार पुडे बाजूला सारले की त्यांचे पैसे बुडालेच. त्यावर तक्रार करावी तर ती ऐकणाराही तोच. इकडे घरात चहा-साखर, साबण, पोरांची वह्या-पुस्तके, डॉक्टरची सुई यांचा खर्च सुरू झालेला, आणि तो मापाने नव्हे तर पैशाने भागवावयाचा. म्हणून या पिढीचा सारा असंतोष शेकड्याच्या दराभोवती एकवटला. १९८० च्या सुमारास गोदावरीपलीकडून नक्षलवादी या रानात शिरले तेव्हा त्यांनी प्रथम हात घातला तो तेंदूच्या आणि बांबूतोडीच्या दराला, यावरून ही जखम किती उघडी होती हे कळून येते. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला.

चंद्रपूरकडे मात्र याच पिढीतील काहींच्या वाट्याला निराळे नशीब आले. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन खाणकामगाराला कायम नोकरी आणि महागाई भत्ता मिळाला, पुढे निवृत्तिवेतनही; भाव चढला की पगारही थोडाफार चढे. त्यांच्या मुलांना त्याच खाणींवर मिळते ते पुष्कळदा कंत्राटदाराकडचे काम, ज्याला भत्ता नाही आणि मुदतीपलीकडे भरवसाही नाही. १९८०-९० च्या दशकात वीज केंद्र आले, सिमेंटचे कारखाने आले, तरी या मुलांची अवस्था फारशी पालटली नाही. तिकडे गडचिरोलीचा पदवीधर, ज्याच्या जिल्ह्यात २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तो पोलीस भरतीच्या मैदानावर धावतो, शिकवणीची फी भरतो, मोबाइलचा रिचार्ज आणि मोटारसायकलचे पेट्रोल यांचा हिशेब करतो. त्याचा बाप म्हणतो, आम्हांस तर पुड्याचाही दर धड मिळत नव्हता. आणि मुलाला वाटते, दर मिळूनही वयाच्या पस्तिशीपर्यंत नेमणुकीची वाटच पाहावयाची असेल तर त्या दराचे करावयाचे काय? दोघेही खरे बोलतात, फक्त एकमेकांचे ऐकत नाहीत.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाने ही तिन्ही गाऱ्हाणी एका सूत्रात आणण्याचा यत्न केला. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली त्या लहानशा गोंड गावाने सुमारे १,८०० हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या बळावर अनेक ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकला. त्यातही धोका आहेच: २०१७ साली पानांना भाव उत्तम आला, त्याच वर्षी तेंदूवर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, आणि पुढच्या हंगामात भाव कोसळला. बाजाराच्या चढउतारातून गावाची सुटका झाली नाही. मात्र तोटा कोणी व किती सोसावयाचा हे आता गावाच्या बैठकीत ठरू शकते, दिवाणजीच्या वहीत नव्हे.

रोजीचा दर वाढवला म्हणजे अरण्यपट्टीचा प्रश्न सुटेल, असे मानणारे बापाच्या पिढीच्या दुखण्यावर नातवाला औषध देऊ पाहतात. आजोबाला आपल्या श्रमावर आपली मालकी हवी होती, बापाला रास्त दर हवा होता, नातवाला भरवशाची नेमणूक हवी आहे; आणि आजोबाची मागणी पुरी झाल्याशिवाय उरलेल्या दोन टिकत नाहीत, अशी या मुलखाच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाची साक्ष आहे.