बैलाच्या कातड्याएवढी जमीन

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला येणारा रस्ता पुढे जव्हारला जातो. जव्हारचं संस्थान कसं उभं राहिलं याची गोष्ट 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरात आहे. थळ घाटाजवळ मुकणे इथे संस्थानाचा मूळपुरुष जयबा याची मातीची गढी होती. गॅझेटिअर त्याला पोपेरा म्हणतं. पिंपरीच्या देवस्थानी पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला ‘जव्हारचा राजा’ म्हणून मुजरा केला. मग त्याने कोळ्यांची फौज जमवली, पेठ-धरमपूर गाठलं आणि सुरतेवरून थेट काठेवाडात जाऊन सात वर्षं राहिला. परतल्यावर जव्हारच्या वारली राजाकडे त्याने मागणं घातलं, बैलाच्या कातड्यात मावेल एवढ्या जमिनीचं. वारल्याने हो म्हटलं. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या आणि राजाचा सगळा मुलूख वेढला. वारल्याच्या वाट्याला उरला गंभीरगड आणि त्याच्या आसपासचा प्रदेश.

हीच युक्ती 13व्या शतकातल्या एका आइसलंडी सागामध्ये, म्हणजे वीरकथेत, सापडते. व्हायकिंग वीर रॅग्नर लोडब्रोकचा मुलगा ईवार बापाच्या मृत्यूची भरपाई म्हणून इंग्लंडच्या एला राजाकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागतो, कातड्याची वादी काढतो आणि वेढलेल्या जागी शहर वसवतो. सागामध्ये ते शहर लंडन आहे. त्याच शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसनच्या ‘एडा’ या ग्रंथात जमीन मिळवणारी गेफ्यून देवी आहे. स्वीडनचा राजा गिल्फी तिला चार बैल एका दिवसरात्रीत नांगरतील तेवढी जमीन देऊ करतो. ती राक्षसापासून झालेल्या आपल्या चार मुलांनाच बैल करून जुंपते. नांगर इतका खोल जातो की जमीन उपटून समुद्रात ओढली जाते. डेन्मार्कचं झीलंड बेट ते हेच, आणि मागे उरलेल्या खड्ड्याचं सरोवर झालं. याच्याही कितीतरी आधी, कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीच्या नावावर कातड्याची गोष्ट रूढ होती.

मी हिशेब मांडून पाहिला. मोठ्या बैलाचं कातडं चार चौरस मीटर धरलं आणि दोन मिलिमीटर रुंदीची वादी काढली, तर ती दोन किलोमीटर भरते. तिचं गोल रिंगण केलं तर आत सुमारे 32 हेक्टर, म्हणजे 80 एकर येतात. तेवढ्यात गढी आणि लहानसं गाव बसेल. जव्हार संस्थान मात्र 310 चौरस मैलांचं होतं. हाताने काढता येईल तेवढी बारीक वादी काढली तरी एवढं राज्य तिच्यात मावणार नाही. म्हणून ही गोष्ट मला मोजमापाची वाटत नाही. राज्य हिसकावलं नाही, मालकाने शब्द देऊन दिलं, हे सांगण्यासाठी ती रचलेली आहे.

आपल्याकडे वामनाची तीन पावलं हीच चाल खेळतात. तिथे निदान बळीचं नाव टिकलं, आणि दिवाळीत त्याचं राज्य पुन्हा मागितलं जातं. एला आणि गिल्फीलाही नावं आहेत. गॅझेटिअरातल्या वारली राजाला मात्र नाव नाही, ही गोष्ट मला फार लागते. जयबाचा मुलगा निमशहा याला दिल्लीच्या बादशहाने राजा हा किताब दिला तो दिवस, 5 जून 1343, तारखेनिशी नोंदला गेला. जव्हारचा स्वतंत्र शकही तिथूनच सुरू झाला.

आता या भागात जमीन मागायची ती 2006 च्या वनहक्क कायद्याखाली: 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली, जास्तीत जास्त 4 हेक्टर. जयबाच्या जमातीचे महादेव कोळी आणि वारली, दोघेही त्याच कायद्याखाली दावे करतात.