दंत सीलंट

दंत सीलंट म्हणजे दाढा व उपदाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचा आणि भेगा बुजवण्यासाठी लावला जाणारा पातळ संरक्षक लेप होय. या खाचांमध्ये अन्नकण व जिवाणू साठून दात किडू नयेत, हा त्याचा उद्देश असतो. प्रतिबंधात्मक दंतवैद्यकात, विशेषतः लहान मुलांच्या दंतोपचारात, ही पद्धत वापरली जाते.

पार्श्वभूमी

दाढेचा वरचा पृष्ठभाग उंचवटे आणि खोल खाचा यांनी बनलेला असतो. अनेक खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असल्याने नियमित दात घासूनही त्यांचा तळ स्वच्छ होत नाही. फ्लोराइडचा लाभही दाताच्या गुळगुळीत बाजूंना अधिक आणि या खाचांना कमी मिळतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनुसार दर १० पैकी ९ पोकळ्या मागील दातांत निर्माण होतात.

पहिली कायमची दाढ साधारणपणे वयाच्या ६व्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे येते. ती येण्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ही दाढही दुधाचीच असून पुढे पडेल, असा पालकांचा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ती गमावल्यास तिच्या जागी दुसरी दाढ येत नाही. दुसरी कायमची दाढ साधारणपणे १२व्या वर्षी येते. या दोन्ही दाढा हिरडीतून पुरेशा बाहेर आल्यानंतरचा काळ सीलंटसाठी योग्य मानला जातो.

इतिहास

१९२३ मध्ये थॅडियस हायट यांनी निरोगी दाढांच्या खाचा कोरून त्या आधीच भरून टाकण्याची पद्धत सुचवली होती. तिच्यात दाताचा निरोगी भाग नष्ट होत असे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावल्यास त्यावर राळ अधिक घट्ट चिकटते, असे दाखवून दिले. या शोधामुळे दात न कोरता खाचा बुजवणे शक्य झाले. पुढे राफेल बोवेन यांनी विकसित केलेली बिस-जीएमए ही राळ सीलंटचा प्रमुख आधार ठरली. १९७१ मध्ये नुवा-सील हे अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे सीलंट बाजारात आले. सध्या त्याऐवजी दृश्य निळ्या प्रकाशाचा वापर होतो.

प्रकार

राळयुक्त सीलंट अधिक काळ टिकते, परंतु ते लावताना दात पूर्ण कोरडा असावा लागतो. ग्लास आयोनोमर सीलंट ओलावा अधिक सहन करते व फ्लोराइड सोडते, मात्र ते लवकर निघते. अर्धवट उगवलेल्या दाढेसाठी किंवा उपचारात स्थिर बसू न शकणाऱ्या मुलांसाठी दुसरा प्रकार उपयुक्त ठरतो.

लावण्याची पद्धत

प्रथम दात स्वच्छ करून कापसाच्या गुंडाळ्यांनी किंवा रबरी पडद्याने लाळेपासून वेगळा केला जातो. त्यावर सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतला जातो. वाळवल्यावर पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. त्यानंतर सीलंट खाचांत पसरवून प्रकाशाने घट्ट केले जाते आणि चावा तपासला जातो. यासाठी सहसा भूल द्यावी लागत नाही. आम्ल धुतल्यानंतर पृष्ठभागाला लाळ लागणे, हे सीलंट निघून जाण्याचे प्रमुख कारण आहे.

परिणामकारकता आणि मर्यादा

वर उल्लेखिलेल्या केंद्रांनुसार सीलंटमुळे मागील दातांतील सुमारे ८० टक्के पोकळ्या २ वर्षांपर्यंत टळतात. ४ वर्षांपर्यंत हे प्रमाण सुमारे ५० टक्के राहते. २०१६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन व अमेरिकेतील बालदंतवैद्यक अकादमी यांनी निरोगी दाढांसाठी, तसेच पोकळी न झालेल्या प्रारंभिक किडीसाठीही सीलंटची शिफारस केली.

सीलंट दोन दातांमधील फटीत होणारी कीड रोखू शकत नाही. पोकळी झालेल्या दातासाठी भरणच करावे लागते. लेपाचा काही भाग निघाल्यास कडेने पुन्हा कीड लागू शकते, म्हणून नियमित तपासणी आवश्यक असते. काही सीलंटमधून प्रारंभी बिस्फेनॉल-ए अत्यल्प प्रमाणात बाहेर पडू शकते. पृष्ठभाग पुसून चूळ भरल्यास ते आणखी कमी होते.

दात पांढरे करण्याच्या उपचाराशी तुलना

दात पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ते मुक्त करणारे कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. हा उपचार दाताचा रंग बदलतो, कीड रोखत नाही. भरण व कृत्रिम टोप्या यांचा रंग त्याने बदलत नाही. तात्पुरती संवेदनशीलता आणि हिरड्यांचा दाह हे त्याचे सामान्य दुष्परिणाम आहेत. युरोपीय संघात ०.१ टक्क्यापेक्षा अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादने १८ वर्षांखालील व्यक्तींवर वापरण्यास मनाई आहे.

महाराष्ट्रात आढळणारे मशेरी व तंबाखूचे डाग बहुतांशी दाताच्या बाहेरील थरावर असतात. ते प्रथम दंतवैद्याकडून दात साफ करून काढले जातात. किडलेल्या दातावर रंग उजळण्याचा उपचार करण्यापूर्वी कीड काढून दात भरणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

दंतक्षय
दंतवल्क
फ्लोराइड
मशेरी